"मागच्या मशीनमधून धूर निघतोय": हीट पंपाच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यावर काय करायचं

जानेवारीतली सकाळ, साडेसहा वाजलेले. आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. चहा टाकायला उठली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच ओरडली, "अरे, ऊठ लवकर! मागच्या मशीनला आग लागलीय, नुसता धूर निघतोय!" मी चपला न घालताच डेकवर धावलो. बाहेरच्या युनिटवर पांढरे लोट, पंखा थांबलेला, आतून फुस्स असा आवाज. पाचेक मिनिटं गेली, पंखा पुन्हा फिरायला लागला, लोट विरले आणि मशीन जणू काही घडलंच नाही अशा थाटात चालू झालं. "आपल्या जुन्या बंबासारखंच आहे की हे," असं म्हणून आई चहाकडे वळली. माझे पाय मात्र अर्धा तास गार होते.

तो धूर नव्हता, वाफ होती. आणि तो बिघाड नव्हता, मशीन आपलं काम करत होतं. मी नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला, गेली पंधरा वर्षं राहतो. या भागात पुष्कळ घरांत गॅसची भट्टी नसते, हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार करायला एकच हीट पंप असतो. न्यू जर्सीहून इकडे येणाऱ्या मराठी मंडळींना हा प्राणी नवा असतो. म्हणून पहिली कडक थंडी पडली की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात: हीट पंप बंद पडलाय, कोणी चांगला माणूस आहे का? मी मेकॅनिक नाही. दोन घरं, तीन हीट पंप आणि स्वतःच्या हातून झालेल्या चुका, एवढंच माझं भांडवल. पण त्यातून एक कळलं आहे. माणूस बोलवण्याआधी "बंद पडलाय" म्हणजे नेमकं काय झालंय, हे पंधरा मिनिटं बघून ठरवायचं. पुष्कळदा हवेची किंवा पाण्याची वाट कुठेतरी अडलेली असते, आणि ती मोकळी करणं आपल्या हातात असतं. उरलेल्या वेळी, आपण कशाला हात लावायचा नाही हे तरी नक्की कळतं.

आधी जे बिघाड नाहीत ते

हीट पंप म्हणजे उलटा फिरवता येणारा एसी. थंडीत तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. त्यासाठी बाहेरचं कॉइल, म्हणजे आतून गॅस फिरणाऱ्या नळ्यांची गुंडाळी, बाहेरच्या हवेपेक्षाही गार असावं लागतं. त्यामुळे बाहेर ३५-४० अंश फॅरेनहाइट आणि हवा दमट असली की कॉइलवर दहिवर धरतं आणि तिथेच गोठतं. कोरड्या कडाक्याच्या थंडीपेक्षा अशा पावसाळी, ओलसर थंडीत हे जास्त होतं. पांढरा थर वाढला की मशीन स्वतःहून काही मिनिटं एसीसारखं उलटं चालतं, बाहेरचा पंखा थांबवतं आणि घरातली थोडी उष्णता बाहेर नेऊन तो थर वितळवतं. हा डीफ्रॉस्ट. फुस्स आवाज रिव्हर्सिंग व्हॉल्व्हचा, म्हणजे मशीन उलटं फिरवणाऱ्या झडपेचा. पाच ते दहा मिनिटांत आटोपतं. ऐन थंडीत दर तास-दीड तासाने झालं तरी काळजीचं कारण नाही.

दुसरी तक्रार: "जाळीतून गरम नाही, कोमट वारा येतो." बरोबर आहे. गॅसच्या भट्टीची हवा १२० अंशांच्या वर असते, हीट पंपाची ८५ ते ९५. आपलं अंग ९८ चं, त्यामुळे जाळीखाली हात धरला तर वारा गारच वाटणार. हातावर विश्वास ठेवू नका. स्वयंपाकघरातला थर्मामीटर आधी हवा आत ओढणाऱ्या मोठ्या जाळीपाशी धरा, मग हवा बाहेर सोडणाऱ्या जाळीपाशी. बाहेर ४०-५० अंश असताना या दोन्हींत १५ ते २५ अंशांचा फरक दिसला तर तुमचं मशीन ठणठणीत आहे. फरक पाच-सात अंशांवर आला असेल तर पुढे वाचा.

तिसरी: "तासन्‌तास चालूच राहतो." राहू दे. हळू आणि सलग चालण्यासाठीच तो बनलेला आहे. दर तीन-चार मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर ती खरी तक्रार.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्यांदा हीट लावली की येणारा जळका वासही यातलाच. आतल्या तापणाऱ्या तारांवर वर्षभराची धूळ बसलेली असते, ती जळते आणि दहा-वीस मिनिटांत वास जातो. त्यानंतरही राहिला, किंवा प्लॅस्टिक जळल्यासारखा आला, तर मात्र ब्रेकर पाडा.

बिलाचा बिघाड

मशीन चालू, घर गरम आणि बिल दुप्पट, ही तक्रार सगळ्यात उशिरा लक्षात येते. आतल्या युनिटमध्ये टोस्टरसारख्या तारा बसवलेल्या असतात. कडक थंडीत हीट पंप कमी पडला की त्या मदतीला येतात. थर्मोस्टॅटवर तेव्हा 'ऑक्स हीट' असं दिसतं. घरच्या आकाराप्रमाणे ५, १० किंवा १५ किलोवॅटच्या तारा असतात. १० किलोवॅटच्या तारा तासभर चालल्या की सरळ दहा युनिटं गेली. तेवढीच उष्णता बाहेर ४५-५० अंश असताना हीट पंप तीन-साडेतीन युनिटांत देतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, इकडून तिकडे वाहून नेतो.

आमच्याकडे हे कळलं ते बाबांमुळे. त्यांना रात्री गारठा वाटायचा, मग झोपायच्या आधी ते थर्मोस्टॅट ६८ वरून ७६ करायचे. सकाळी आम्ही तो परत ६८ वर. सेट केलेलं आणि प्रत्यक्ष तापमान यांत दोन-तीन अंशांहून जास्त अंतर पडलं की बहुतेक थर्मोस्टॅट धीर न धरता ऑक्स हीट लावतात. म्हणजे रोज रात्री आमच्या घरात तासभर टोस्टर चालू होता. बाबांना ब्लँकेट दिलं असतं तर स्वस्तात पडलं असतं. पण वडिलांना असं सांगायचं कसं? शेवटी आम्ही दिवसरात्र ७० वर ठेवून दिलं, आणि त्यांच्या खोलीची जाळी कोणीतरी अर्धी बंद करून ठेवली होती ती उघडली. त्यांनाही ऊब आली, बिलही उतरलं.

गॅसच्या भट्टीला लागू असणारा "रात्री कमी करा, बिल वाचवा" हा सल्ला इथे उलटा पडतो. कमी करायचंच तर दोन अंशांपेक्षा जास्त नको. स्मार्ट थर्मोस्टॅटमध्ये ऑक्स हीट बाहेरच्या कुठल्या तापमानाच्या वर लागू नये, अशी एक सेटिंग असते. ती ३५-४० अंशांवर ठेवली की निम्मा प्रश्न मिटतो.

आणि 'इमर्जन्सी हीट' नावाचं बटण. एका ओळखीच्या घरी ते अख्खा डिसेंबर चालू होतं. बाहेर फार थंडी आहे, म्हणजे इमर्जन्सीच की, असा त्यांचा हिशोब. त्या बटणाने हीट पंप पूर्ण बंद होतो आणि सगळं घर फक्त तारांवर चालतं. बाहेरचं युनिट खरोखर बिघडलं असेल तेव्हाच ते दाबायचं.

फिल्टर आणि आपली फोडणी

कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त बिघाड इथूनच सुरू होतात. हवा कमी पडली की हिवाळ्यात मशीन आतून तापून दाबाच्या सुरक्षा-स्विचवर बंद पडतं आणि उन्हाळ्यात आतलं कॉइल गोठतं. दोन्ही वेळा घरमालक म्हणतो, मशीनमधला गॅस संपला असेल.

फिल्टरच्या पाकिटावर "९० दिवस" लिहिलेलं असतं. ते ज्या घरात रोज मोहरी-हिंगाची फोडणी होत नाही अशा घरांसाठी आहे. इथल्या पुष्कळ स्वयंपाकघरांतला चिमणीचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत घरातच सोडतो. मग तेलाचा सूक्ष्म थर हवेबरोबर फिल्टरवर जातो आणि त्यावर धूळ चिकटून लोकरीच्या घोंगडीसारखा पापुद्रा तयार होतो. दिवाळीच्या आठवड्यात चिवडा, चकल्या, उदबत्त्या हे सगळं झालं की मी फिल्टर बदलतोच, तारीख बघत नाही. एरवी महिन्याने उजेडासमोर धरून बघायचा, पलीकडचा दिवा दिसला नाही तर फेकायचा. एक इंचाच्या फिल्टरमध्ये मर्व्ह १३ वगैरे (मर्व्ह म्हणजे किती बारीक गाळतो त्याचा आकडा) भारी गाळणी घेण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. पण जुन्या घरातल्या एकाच जाळीला ते झेपत नाही, हवा अडते. मर्व्ह ८ पुरेसा आहे. चौकटीवरचा बाण मशीनच्या दिशेला हवा. आणि घरात दोन मजल्यांना दोन मशीन असतील तर फिल्टरही दोन, हे लिहायची वेळ यावी याचं कारण म्हणजे आमच्या वरच्या मजल्याचा फिल्टर पहिली दोन वर्षं मला माहीतच नव्हता.

वापरात नसलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करून वीज वाचत नाही. मशीनला ठरावीक हवा लागते, एका टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट. तीन-चार जाळ्या बंद केल्या की मळक्या फिल्टरसारखाच परिणाम होतो.

बर्फ: कुठला चालेल, कुठला नाही

थंडीत बाहेरच्या युनिटवर पांढरा, भुरभुरीत थर असणं ठीक. तो तास-दोन तासांत गेला पाहिजे. अख्खं युनिट काचेसारख्या घट्ट बर्फात, वरची जाळीसुद्धा, आणि दुपारपर्यंत तसंच, तर डीफ्रॉस्ट होत नाहीये. सेन्सर, बोर्ड, रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह किंवा कमी झालेला गॅस, यातलं काहीही असू शकतं आणि तो आपला प्रांत नाही. पण त्याआधी एकदा वर बघा. छपराच्या पन्हळीतून थेंबथेंब पाणी युनिटवर पडत असेल तर ते गोठून पंखा अडकतो, मशीनचा त्यात काही दोष नाही. आमच्याकडे हेच झालं होतं. पन्हळीतली पाइनची सुकी पानं काढली आणि प्रश्न मिटला.

बर्फ काढताना सुरी, स्क्रूड्रायव्हर, फावडं काहीही वापरायचं नाही. कॉइलच्या नळ्या पातळ असतात, एक टोचलं की गॅस गेला आणि मग खर्च हजारांत. थर्मोस्टॅटवर इमर्जन्सी हीट लावा, म्हणजे बाहेरचं युनिट थांबेल, आणि बादलीने कोमट पाणी ओता. उकळतं नको. खाली पाणी साचून परत गोठणार नाही एवढं बघा.

उन्हाळ्यातला बर्फ वेगळा. बाहेर ९५ अंश, घरात गार होईना आणि आतल्या युनिटकडे जाणारी जाड तांब्याची नळी पांढरी झालेली. लोक अशा वेळी थर्मोस्टॅट आणखी खाली नेतात, त्याने बर्फ वाढतो. कूलिंग बंद करा, फक्त पंखा 'ऑन' वर ठेवा, तीन-चार तास किंवा बर्फ जाईपर्यंत. दरम्यान फिल्टर बदला, सगळ्या जाळ्या उघडा. परत चालू केल्यावर दोन दिवसांत पुन्हा गोठलं तर माणूस बोलवा, बहुधा गळती आहे.

खिडकीवरून पाणी ठिबकतंय

ही खूण इथे राहून दहा वर्षं झालेल्यांनाही माहीत नसते. उन्हाळ्यात आतल्या कॉइलवर जमणारं पाणी पाऊण इंचाच्या पांढऱ्या पाइपने बाहेर जातं. आतलं युनिट अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, असेल तर त्याच्याखाली आणखी एक मोठा ट्रे असतो, आणि त्या ट्रेचा वेगळा पाइप मुद्दाम एखाद्या खिडकीच्या वर काढलेला असतो, कोणाच्या तरी नजरेस पडावा म्हणून. वरच्या खिडकीसमोर पाऊस नसताना थेंब पडत असतील तर समजा, मुख्य पाइप तुंबलाय आणि पाणी ट्रेमध्ये आलंय. पुढची पायरी म्हणजे बेडरूमच्या छतावर पिवळा डाग.

कधी थेंबही दिसत नाहीत आणि थर्मोस्टॅटची पाटी एकदम कोरी होते. सेल बदलून झाले, ब्रेकर बघून झाले, तरी कोरीच. ट्रेमध्ये किंवा पाइपवर एक छोटा फ्लोट स्विच असतो. पाणी चढलं की तो मशीनची वीज तोडतो, आणि पुष्कळ ठिकाणी थर्मोस्टॅटची वीजही त्याच तारेवरून येते. उपाय सोपा आहे. बाहेर जिथे पाइप संपतो तिथे ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम लावायचा, तोंडाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि दोन-तीन मिनिटं ओढायचं. जे निघतं ते शेवाळ आणि चिखल यांच्यामधलं काहीतरी असतं. जेवणाआधी करू नका. मग आतल्या टोकाला झाकण असलेल्या उभ्या नळीतून कपभर पांढरा व्हिनेगर ओता. मे ते सप्टेंबर महिन्यातून एकदा हे केलं की पाइप तुंबत नाही. मी गॅसचा सिलिंडर बुक करायची आठवण असायची तशी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.

बाहेर गुणगुण, पंखा थांबलेला

जुलैतल्या दुपारी सगळ्यात जास्त होणारा बिघाड हा. बाहेरच्या युनिटमधून हम्म असा आवाज, पण पंखा फिरत नाही. बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, शीतपेयाच्या डब्याएवढा चकचकीत डबा, वरून फुगलेला. वर तीन टोकं असतात, एक सामाईक, एक पंख्याचं, एक कॉम्प्रेसरचं. उन्हाळ्याच्या उष्णतेत त्याची क्षमता घटत जाते. लेबलावर ४५ अधिक ५ मायक्रोफॅरड असं काही लिहिलेलं असतं आणि ६ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. सुटा भाग वीस-तीस डॉलरचा, पण मशीन बंद केल्यावरही त्यात झटका देण्याएवढी वीज साठून राहते. व्हिडिओ बघून बदलणारे ओळखीत आहेत, मी त्यातला नाही. आणि काडीने पंखा ढकलून चालू करायचा प्रयोग करू नका. चालू झालाच तर अर्धवट चालून कॉम्प्रेसर तापतो, आणि वीस डॉलरचं दुखणं पाच हजारांवर जातं. तुम्ही थर्मोस्टॅट बंद करा आणि फोन करा, एवढंच.

बाहेरच्या युनिटच्या याच खोक्यात अमेरिकेच्या दक्षिणेची आणखी एक खासियत सापडते: लाल मुंग्या. काँटॅक्टर नावाचा वीज जोडणारा स्विच असतो, त्याच्या फटीत मुंग्या शिरतात, झटका लागून मरतात, मरताना धोक्याचा गंध सोडतात आणि तो ऐकून, म्हणजे हुंगून, आणखी मुंग्या मदतीला येतात. शेवटी मेलेल्या मुंग्यांच्या थराने स्विच जुळत नाही. आमच्या टेक्निशियनने झाकण उघडून दाखवलं तेव्हा चिमूटभर नाही, चांगला चमचाभर ढीग होता. युनिटच्या आसपास वारूळ दिसलं की मुंग्यांचं औषध टाकून ते तिथेच संपवायचं.

बाहेरच्या युनिटला चारी बाजूंनी दोन फूट मोकळी जागा लागते. कढीपत्त्याची कुंडी तिथे ठेवू नका, उन्हाळ्यात गरम वारा आणि थंडीत बर्फाळ वारा, झाडाला दोन्ही सोसत नाही. कपडे सुकवायच्या ड्रायरचं तोंड युनिटजवळ उघडत असेल तर कापसाचा थर कॉइलवर बसतो. मार्चअखेर-एप्रिलमध्ये पाइनचे पिवळे परागकण पडून सगळ्या गाड्या हळद लागल्यासारख्या होतात, तेव्हा कॉइलही तेवढंच पिवळं होतं. परागांचा हंगाम संपला की बाजूच्या खोक्यातून वीज तोडून, बागेच्या साध्या नळीने हलक्या धारेने धुवायचं. प्रेशर वॉशर नको, पत्र्याच्या बारीक पट्ट्या मुडपतात.

आपल्याच हाताने केलेले बिघाड

या गावात सॉफ्टवेअरवाले जास्त, त्यामुळे स्मार्ट थर्मोस्टॅट स्वतः बसवणारेही जास्त. नवीन थर्मोस्टॅट लावल्याच्या संध्याकाळी हीट लावली की गार वारा, कूल लावलं की गरम, असं होत असेल तर मशीन बिघडलेलं नाही. 'ओ/बी' नावाची तार रिव्हर्सिंग व्हॉल्व्हला हुकूम देते. काही कंपन्यांत ती थंड करताना चालू असते, काहींत गरम करताना. सेटिंगमध्ये ती उलट करा, झालं. मशीनचा प्रकार विचारतात तिथे 'हीट पंप' निवडायचं राहिलं तर तो गॅसची भट्टी समजून वागतो आणि बिल वर सांगितलं तसं फुगतं. जुना काढण्याआधी तारांचा फोटो काढा. आणि ब्रेकर पाडल्याशिवाय तारांना हात लावू नका. धोक्यापेक्षा कटकट म्हणून सांगतो: दोन तारा एकमेकींना क्षणभर टेकल्या की आतल्या बोर्डवरचा ३ किंवा ५ अँपियरचा, गाडीत असतो तसा, छोटा रंगीत फ्यूज उडतो आणि सगळंच मेल्यासारखं होतं. मी उडवलाय. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात तो डॉलरभरात मिळतो, फक्त तेवढ्याच अँपियरचा घ्या.

ब्रेकर दोन असतात, आतल्या युनिटचा आणि बाहेरच्याचा. पडला असेल तर आधी पूर्ण 'ऑफ' कडे ढकलून मग 'ऑन' करा आणि पाच मिनिटं थांबा, कॉम्प्रेसर मुद्दाम थोडा उशिरा सुरू होतो. परत पडला तर तिसऱ्यांदा वर करायचा नाही. तो पडतोय म्हणजे तुम्हाला काहीतरी सांगतोय.

"गॅस भरून द्या"

भारतात एसीला दर उन्हाळ्यात गॅस भरायची सवय असते, ती आपण सोबत घेऊन येतो. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळतोय, आणि दर वर्षी भरणारा माणूस तुमच्याकडून दर वर्षी तेच पैसे घेतोय. शिवाय इथे सरकारी परवाना नसलेल्याला या गॅसला हात लावता येत नाही, त्यामुळे ऑनलाइन डबा मागवून प्रयोग करायचा विचार सोडा.

गॅसवरून आणखी एक गोष्ट कानावर येईल. २०१० पासून नव्या यंत्रांत आर-२२ नावाचा गॅस जाऊन आर-४१०ए आला, आणि २०२० पासून आर-२२ तयार करणं, आयात करणं बंद झालं. आता २०२५ च्या १ जानेवारीपासून आर-४१०ए वर नवी घरगुती यंत्रं बनवणंही थांबलं. नव्या मशीनमध्ये आर-४५४बी किंवा आर-३२ असतो. याचा अर्थ तुमचं आर-४१०ए चं मशीन बेकायदा झालं असा नाही. त्याची दुरुस्ती करता येते, गॅसही मिळतो. "हा गॅस बंद झाला, आता मशीनच बदलावं लागेल" असं आमच्या दारात उभं राहून एकाने सांगितलं होतं आणि कागदावर पाच आकडी रक्कम लिहून दिली होती. दुसऱ्याला बोलावलं, तर कपॅसिटर निघाला.

त्यामुळे मशीन बदलायचा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला तर सही करू नका. मोजलेले आकडे मागा: कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आला, जाळीपाशी तापमानाचा फरक किती, गॅसचे दाब किती, गळती नेमकी कुठे. मशीनवरच्या पाटीचा, मॉडेल आणि सिरियल नंबर दिसेल असा, फोटो फोनमध्ये ठेवा. पुष्कळ कंपन्या सुट्या भागांवर १० वर्षांची वॉरंटी देतात, पण बसवल्यापासून ६० किंवा ९० दिवसांत नोंदणी केली तरच, नाहीतर पाच. मजुरी त्यात धरत नाहीत. कॉम्प्रेसर गेला आणि मशीन बारा-पंधरा वर्षांचं असेल तर मात्र नवीन घ्यायचं बोलणं रास्त आहे, तिथे उगाच ताणू नये.

कडाक्याच्या थंडीत वीज गेली तर

२०२२ च्या २४ डिसेंबरला सकाळी इथे चक्क भारनियमन झालं. कडाक्याची थंडी, सगळ्यांच्या ऑक्स हीट एकदम चालू, वीज कमी पडली आणि पाळीपाळीने भाग बंद केले गेले. आईबाबांना फोन केला तर बाबा म्हणाले, "अमेरिकेतही लोडशेडिंग? मग तिकडे गेलास कशाला?"

वीज परत आली की लगेच हीट पंप सुरू करायचा नसतो, हे त्या दिवशी पुस्तिका वाचल्यावर कळलं. कॉम्प्रेसरला एक छोटा हीटर असतो, तो आतलं तेल गरम ठेवतो. वीज बराच वेळ गेलेली असली की द्रवरूप झालेला गॅस तेलात मिसळून बसतो आणि तसंच चालू केलं तर कॉम्प्रेसरला इजा होते. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत तासाहून जास्त वीज गेली तर सहा तास इमर्जन्सी हीटवर चालवा, असं लिहिलंय. तुमच्या पुस्तिकेत किती ते बघून ठेवा.

माणूस येईपर्यंत रात्र काढायची असेल तर एका खोलीत या. प्लगचा हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शनच्या वायरवर नाही. गॅसची शेगडी पेटवून घर गरम करायचं नाही, आणि कोळशाचं बार्बेक्यू घरात तर मुळीच नाही. वास न येणारा विषारी वायू झोपेत मारतो. बाहेर २० अंशांच्या खाली असेल तर बाहेरच्या भिंतीतल्या नळांची धार केसाएवढी चालू ठेवा. बाकी आईने आणलेल्या गोधड्या आहेतच. बॅगेत वजन जास्त होतं म्हणून मी विमानतळावर तिच्याशी वाद घातला होता, त्या दोन्ही त्या सकाळी उपयोगी पडल्या.